क्षयाचा रोगी कुठल्या वहीत सापडतो?



पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला मागच्या आठवड्यात विचारलं, "ताई, शंभर वर्षांपूर्वीचे मृत्यूंचे आकडे छापील अहवालांत आहेतच. ते उतरवून घ्यायचे आणि ग्राफ काढायचा. मग त्यात पीएच.डी. करण्यासारखं काय उरतं?"

तिला हसू नका. पहिल्या वर्षी मीही नेमकं हेच करायला बसले होते, आणि तोंडावर आपटले. आजची पोस्ट त्याच गोष्टीची आहे. विषय आहे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई, क्षयाचे म्हणजे टीबीचे रोगी आणि त्यांच्या नोंदी ठेवणारी सरकारी वही. तुमचा विषय वेगळा असला तरी आकड्यांशी तुमची गाठ पडणारच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

माझा फसलेला ग्राफ

मी मूळची सायन्सची. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात केलं, मग सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाकडे वळले. लॅबमधल्या माणसाला एक सवय असते. आकडा समोर आला की तो मोजमाप आहे असं आपण धरून चालतो. कोणीतरी एक गोष्ट एका पद्धतीने मोजली आणि लिहून ठेवली, बास.

मुंबई महापालिकेच्या आयुक्तांचे वार्षिक प्रशासन अहवाल असतात. त्यात आरोग्य अधिकाऱ्याचा मोठा भाग असतो, आणि त्यात रोगवार, विभागवार, धर्म-जातवार मृत्यूंचे तक्ते. मी त्यातले क्षयाचे आकडे एक्सेलमध्ये भरले. शेजारी इलाख्यातल्या जिल्ह्यांचे आकडे ठेवले. ग्राफ असा सुंदर आला म्हणता! शहराची रेषा वर, जिल्ह्यांची खाली. एका छोट्या चर्चासत्रात मी तो ऐटीत दाखवला आणि सांगितलं की क्षय हा मुळात शहराचा, गिरणीचा आणि चाळीचा रोग होता.

माझ्या गाइड मॅडम मागच्या बाकावर होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, गावच्या रजिस्टरमधला क्षयाचा रकाना जरा दाखव ना."

तो रकाना नव्हताच. शहराचा 'क्षय' मी जिल्ह्यांच्या 'श्वसनविकारां'शी ताडून पाहत होते. एका वहीत त्या शब्दासाठी जागा होती, दुसरीत नव्हती. माझ्या ग्राफमध्ये रोग कमी आणि दोन वह्यांच्या छपाईतला फरकच जास्त दिसत होता.

त्या दिवशी घरी येताना मुलुंडपर्यंत माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. पण खरं संशोधन तिथून सुरू झालं. आता त्या वह्याच उघडून बघू.

शहराची वही

मुंबईत मृत्यूंची नोंद 1848 पासून पद्धतशीर सुरू झाली, ती स्मशानांवर आणि कबरस्तानांवर. म्हणजे माणूस आजारी पडला त्या क्षणी त्याची नोंद होत नसे. त्याचा देह दहनाला किंवा दफनाला आला की तिथला कारकून नाव, वय, धर्म-जात, राहण्याची जागा आणि मृत्यूचं कारण लिहून घेई. पुढे 1865 मध्ये डॉ. हेवलेट शहराचे आरोग्य अधिकारी झाले, आणि 1888 च्या महापालिका कायद्याने या सगळ्याला पक्की चौकट मिळाली.

आता विचार करा. कारण कोण सांगणार? मेलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांनी आयुष्यात कधी डॉक्टर पाहिलेला नसे. वैद्य, हकीम, घरगुती औषध, नवस यातच आजारपण जाई. डॉक्टर कोणाला म्हणायचं याची कायदेशीर यादीसुद्धा इलाख्यात 1912 च्या वैद्यक कायद्यानंतर तयार झाली. तेव्हा पुष्कळदा कारण सांगणारा म्हणजे तिरडीबरोबर आलेला भाऊ, शेजारी किंवा खोलीतला गाववाला. तो म्हणणार, "ताप होता", "खोकला होता", "छाती भरली होती", "झिजून झिजून गेला". त्या बोलण्याचं भाषांतर कारकुनाने एका इंग्रजी रकान्यात करायचं.

रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. पुढच्या वर्षभरात थुंकीतला हा जंतू रंगवून ओळखायची पद्धतही बसली. म्हणजे 1900 मध्ये विज्ञानाला क्षय नेमकेपणाने ओळखता येत होता. पण वहीतल्या 'क्षय' या शब्दामागे सूक्ष्मदर्शक होताच असं नाही. बहुतेक वेळा मागे एक दमलेला नातेवाईक होता. सायन्सच्या विद्यार्थ्याला हे पचायला जड जातं. शब्द तोच, पण त्यामागची तपासणी वेगळी.

त्यात भीतीही आली. 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला. मृत्यूचं कारण 'प्लेग' लिहिलं गेलं की घरात पथक येणार, सामान बाहेर काढणार, चुन्याचे हात मारणार, घरच्यांना छावणीत नेणार. मग तिरडीबरोबरचा माणूस काय सांगेल? लोक प्लेग लपवत आहेत हे अधिकाऱ्यांनाही कळत होतं. नेहमीच्या सरासरीपेक्षा इतर रकान्यांत किती मृत्यू वाढले, यावरून ते लपलेल्या प्लेगचा अंदाज बांधत. हाच प्रकार उलट बाजूनेही होऊ शकतो. 1918 च्या इन्फ्लुएंझात 6 ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. अशा दिवसांत आधीपासून क्षयाने खंगलेला माणूस गेला तर तो कुठल्या रकान्यात पडला असेल? साथीच्या वर्षांत क्षयाचा आकडा वरखाली झालेला दिसला, की तो रोगाचा बदल मानायच्या आधी दहा वेळा थांबायचं.

गावची वही

आता गावाकडे चला. इलाख्यातल्या खेड्यात जन्ममृत्यूची नोंद गावचा पाटील किंवा दुसरा गावकामगार करी. तिथून ती तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि शेवटी सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात. मधे देवीची लस टोचणारे कर्मचारी गावात आले की ही वही तपासत.

या वहीतली कारणं मोजकी होती. पटकी, देवी, प्लेग, ताप, आमांश-हगवण, श्वसनविकार, अपघात किंवा इजा, आणि इतर. ही यादी नीट वाचा. यात साथीच्या रोगांना स्वतंत्र घरं आहेत, कारण सरकारला भीती त्यांची. पटकी पसरली की बाजार बंद, यात्रा बंद, फौजेला धोका. हळूहळू मारणाऱ्या रोगाची सरकारला तशी घाई नव्हती. त्यामुळे खेड्यात क्षयाने मेलेला माणूस 'ताप' या भल्यामोठ्या पोत्यात गेला, नाहीतर 'श्वसनविकारां'त, नाहीतर 'इतर' मध्ये.

इथे पहिला धडा. रकाना हा रोग मोजण्याआधी सरकारची काळजी मोजतो. ज्या गोष्टीला रकाना नाही ती नव्हती असं म्हणता येत नाही. ती विचारली गेली नव्हती, एवढंच म्हणता येतं.

अंश आणि छेद

आता थोडं गणित. मृत्युदर म्हणजे वर मृत्यू, खाली लोकसंख्या. अंशाबद्दल आपण बोललो. छेद तरी भरवशाचा आहे का?

1891 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 8,21,764 होती. 1901 मध्ये ती 7,76,006 झाली, म्हणजे घटली. कारण प्लेग. मेले ते मेलेच, शिवाय कितीतरी लोक शहर सोडून गेले होते. 1906 मध्ये महापालिकेने स्वतंत्र मोजणी केली तेव्हा आकडा निघाला 9,77,822. पाच वर्षांत दोन लाख माणसं वाढली.

समजा, निव्वळ उदाहरणासाठी, 1906 मध्ये एखाद्या रोगाने 10,000 मृत्यू झाले. 1901 ची लोकसंख्या खाली ठेवली तर दर येतो हजारी 12.9. 1906 ची ठेवली तर 10.2. रोग तोच, मृत्यू तेवढेच, आणि दर पाचव्या हिश्श्याने उतरला. आता कोणी म्हणालं की या काळात आरोग्य खात्याच्या कामामुळे मृत्युदर घटला, तर तुमचा पहिला प्रश्न काय असेल? अगदी बरोबर, "खाली काय धरलंय?"

छेदाची याहून विलक्षण गोष्ट बालमृत्यूंची आहे. 1921 मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त अर्भकमृत्यू दाखवले गेले. वाचून अंगावर काटा येतो. परिस्थिती भयानक होतीच, एका खोलीच्या चाळीत तर फारच. पण आपल्याकडची एक साधी रीत आठवा. बाळंतपणाला बाई माहेरी जाते. जन्म गावी, नोंद झालीच तर गावच्या वहीत. चार-सहा महिन्यांनी ती बाळाला घेऊन मुंबईला येते आणि बाळ इथे दगावतं. मृत्यू मुंबईच्या अंशात आला, जन्म मात्र मुंबईच्या छेदात कधी आलाच नाही.

बाळंतपणाला गावी जाणं आणि मरायला गावी जाणं, या एकाच वाटेवरच्या दोन गोष्टी आहेत.

जंतू सावकाश आहे, म्हणून

इथे माझं सूक्ष्मजीवशास्त्र कामाला आलं. ई. कोलाय हा जंतू चांगल्या परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. लॅबमध्ये आम्ही याला कंटाळायचो, कारण कल्चर यायला आठवडेच्या आठवडे जायचे. तोच संथपणा रोगातही असतो. प्लेगचा रोगी काही दिवसांत मरतो, म्हणजे बहुधा आजारी पडला त्याच शहरात मरतो. उपचार न मिळालेला फुप्फुसाच्या क्षयाचा रोगी सरासरीने दोन-तीन वर्षं काढतो. आधी खोकला, मग संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रक्त पडणं. त्याच्याकडे वेळ असतो. गिरणीत खाडे पडतात, पगार कापला जातो, मग नोकरी जाते. खोलीतले आठ-दहा गाववाले सांभाळून घेतात, पण किती दिवस? शेवटी कोणीतरी त्याला बोटीत बसवून देतं.

आणि मुंबई तर अशा माणसांचीच होती. 1911 च्या जनगणनेनुसार शहरातल्या दर पाच माणसांपैकी चार जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून जास्त. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम 530. म्हणजे हे शहर कमावत्या वयाच्या, बायकामुलं गावी असलेल्या पुरुषांनी भरलेलं होतं. क्षय पकडतो तेही हेच वय.

आता सगळं एकत्र ठेवा. रोग शहरात जडला, अंगात वाढला, कमाई शहरात झाली, आणि मरण गावी. मुंबईच्या वहीत तो नाही, कारण तो मुंबईत जळला नाही. गावच्या वहीत तो क्षयाचा रोगी नाही, कारण तिथे तो रकानाच नाही. तिथे तो 'ताप' आहे.

आजच्या साथरोगशास्त्रात याला 'सॅल्मन बायस' म्हणतात. सॅल्मन मासा मरायला जन्मल्या ठिकाणी परततो, तसे आजारी स्थलांतरित मूळ गावी परततात आणि शहराचा मृत्युदर आहे त्यापेक्षा बरा दिसतो. शब्द नवीन आहे, पण गोष्ट त्या काळच्या जाणकारांनाही माहीत होती. डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत भारतभर फिरून क्षयाची पाहणी केली आणि 1920 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. शहरातून गावी परतणारा रोगी हा तेव्हाच्या चर्चेतला ओळखीचा माणूस होता. त्यांनी मोठा भर दिला तो पडदा पद्धतीवर आणि अंधाऱ्या घरात कोंडल्या गेलेल्या बायकांच्या मृत्यूंवर.

कोंदट घर आणि क्षय यांचा संबंध आहेच, त्यावर वाद नाही. पण मुंबईपुरता एक प्रश्न मी माझ्या प्रबंधात विचारते आहे. आजारी पुरुष गावी जात असेल आणि शहरात संसार थाटलेली बाई इथेच मरत असेल, तर शहराच्या वहीत बाईचं मरण पूर्ण मोजलं जाईल आणि पुरुषाचं अर्धवट. मग स्त्री-पुरुषांच्या दरांतला फरक किती रोगाचा, किती पडद्याचा आणि किती बोटीच्या तिकिटाचा? याचं उत्तर एका तक्त्यातून निघत नाही. प्रश्न विचारायला मात्र त्याच तक्त्याने शिकवलं.

उपनगरं तेव्हा मुंबई नव्हतीच

या ब्लॉगचे बरेच वाचक अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडचे. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी विचारलं होतं की आपल्या भागात तेव्हा क्षय किती होता. मलाही हेच हवं होतं. महापालिकेच्या अहवालात मी मुलुंड शोधत बसले. सापडणार कसं? मुलुंड तेव्हा महापालिकेत नव्हतंच.

हा सगळा साष्टीचा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. 1920 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला आणि नंतरही हद्दी इकडेतिकडे होत राहिल्या. महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली ती 1950 मध्ये, तेव्हा अंधेरी आणि घाटकोपर आत आले. दहिसर आणि मुलुंडपर्यंत ती सरकली 1957 मध्ये, तेव्हा बोरिवली आणि मुलुंड. म्हणजे 1910 च्या अंधेरीतला मृत्यू शोधायचा तर 'मुंबई' नाव असलेली वही बंद करून ठाणे जिल्ह्याची उघडावी लागते. आणि तिथे रकाने गावचे, शहराचे नाहीत.

गंमत बघा. प्लेगनंतर ज्यांना परवडत होतं ते मोकळ्या हवेसाठी आगगाडीने साष्टीत राहायला येऊ लागले. मोकळी हवा हेच तेव्हा क्षयावरचं औषध मानलं जाई. तेव्हा गिरगावातला एखादा खोकणारा माणूस हवापालटासाठी अंधेरीला आला आणि इथेच गेला, तर हद्द ओलांडताना त्याचा रोगही रकाना बदलत असे.

म्हणून स्थानिक इतिहास करणाऱ्यांनो, आधी नकाशा. तुम्हाला हव्या त्या वर्षी तुमचं गाव कुठल्या तालुक्यात, कुठल्या जिल्ह्यात होतं ते काढा. मगच दप्तर मागवा. काळा घोड्याजवळच्या आर्काइव्ह्जमध्ये चुकीच्या जिल्ह्याच्या फायली मागवून मी सरळ तीन दिवस घालवले आहेत. तिथल्या कर्मचाऱ्यांनी बिचाऱ्यांनी निमूटपणे आणूनही दिल्या.

तिसरी वही: दवाखाना आणि सॅनेटोरियम

मेलेल्यांच्या वह्या झाल्या. जिवंत रोग्यांची नोंद कुठे सापडेल? 1910 च्या दशकात डॉ. टर्नर शहराचे आरोग्य अधिकारी असताना मुंबईत राजा पंचम जॉर्ज यांच्या नावाने क्षयविरोधी लीग निघाली. एडिनबर्गमध्ये 1887 पासून चाललेल्या दवाखान्याच्या पद्धतीचा तेव्हा जगभर बोलबाला होता. रोगी दवाखान्यात येतो, आणि मग दवाखान्याचं माणूस त्याच्या घरी जाऊन खोली, खिडकी, घरातली माणसं बघून येतं. म्हणजे नोंद एका देहाची न राहता एका घराची होते. इतिहासकाराला अशी नोंद म्हणजे सोन्याची खाण.

दुसरीकडे सॅनेटोरियम. मुंबईच्या बेहरामजी मलबारींनी सिमल्याजवळ धरमपूरला क्षयरोग्यांसाठी खटपट केली, पाचगणीला 1912 मध्ये डॉ. बिलिमोरियांचं बेल एअर उभं राहिलं, मिरजेला डॉ. वॉनलेस यांच्या मिशनचं सॅनेटोरियम 1920 च्या सुमारास. इथल्या नोंदी बारकाईच्या. रोजचा ताप, दर आठवड्याचं वजन, थुंकीचा तपास. वाचताना वाटतं, आता खरा डेटा मिळाला!

पण तिथे पोचलं कोण? ज्याच्याकडे महिनोन्महिने राहायचे पैसे होते किंवा ज्याला कोणी धर्मादाय खाट मिळवून दिली. शिवाय अशा संस्था रोगाच्या सुरुवातीला आलेले, बरं होण्याची आशा असलेले रोगी पसंत करत. त्यामुळे तिथलं बरं होण्याचं प्रमाण सगळ्या क्षयरोग्यांना लावायचं म्हणजे पहिल्या बाकावरच्या मुलांचे मार्क बघून वर्गाचा निकाल लावण्यासारखं आहे.

आमच्या घरची नोंद

आता एक घरची गोष्ट सांगते. ही माझ्या प्रबंधात नाही.

माझे पणजोबा गिरणीत होते. आजीला तिच्या सासूने सांगितलेलं एवढंच आम्हाला ठाऊक आहे, की ते बोटीने जयगडला उतरले तेव्हा त्यांना दोघांनी धरून आणलं, आणि पावसाळा संपायच्या आत ते गेले. आजी म्हणायची, "छातीत पाणी झालेलं." त्यांची कपबशी वेगळी ठेवलेली होती आणि नंतर ती फोडून टाकली, एवढाच एक तपशील घरात टिकला.

कपबशी वेगळी ठेवली होती, म्हणजे घरातल्यांना कळलं होतं. शब्द माहीत होता, फक्त उच्चारला नाही. गावच्या पाटलाला काय सांगितलं असेल ते मी सांगू शकते. "ताप."

मी कित्येक दिवस त्यांना आकड्यांमध्ये शोधत होते. मग लक्षात आलं की ज्या ग्राफमध्ये मी शहराची रेषा वर आणि गावाची खाली काढली होती, त्या ग्राफने माझ्याच पणजोबांना दोन्ही रेषांमधून वगळलं होतं. चर्चासत्रात मी ऐटीत जे म्हणत होते, त्याचा अर्थ घरच्या भाषेत एवढाच होता की हा माणूस क्षयाने मेलाच नाही.

मग हे आकडे टाकून द्यायचे का?

मुळीच नाही. हा दुसरा खड्डा आहे, आणि हुशार विद्यार्थी यातच पडतात. वसाहतीच्या काळातली आकडेवारी म्हणजे नुसता सरकारी बनाव, असं एकदा म्हटलं की काम संपतं आणि टाळ्याही मिळतात. पण त्यात नुकसान आपलंच.

शहराच्या वहीतून एकाच वर्षातले दोन विभाग ताडून पाहता येतात, कारण रकाने आणि पद्धत सारखी. अर्थात रोगी दोन्हीकडून सारख्याच प्रमाणात गावी जात होते का, हे विचारायचंच. लपवाछपवीची वर्षं ओळखता येतात. आणि सरकारला कधी, कशाची काळजी वाटू लागली ते तर अगदी साफ दिसतं, कारण नवा रकाना उघडतो तेव्हाच ती काळजी जन्मलेली असते.

मोजण्याची पद्धत बदलली की काय होतं तेही पाहा. 1955 ते 1958 या काळात आयसीएमआरने देशभर नमुना पाहणी केली. या वेळी मृत्यू मोजले नाहीत, जिवंत माणसांचे एक्स-रे काढले आणि थुंकी तपासली. निकाल असा आला की खेड्यांत क्षय शहरांइतकाच आहे. 'क्षय हा शहरी रोग' या समजुतीला तिथे मोठा धक्का बसला. सावध राहा, यावरून 1910 मध्येही असंच होतं हे सिद्ध होत नाही. मधल्या चाळीसहून जास्त वर्षांत रोग गावोगाव पसरलाही असेल, आणि तो पोचवणाऱ्यांत माझ्या पणजोबांसारखे परतलेले लोक असतीलही. पण जी समजूत वहीच्या रकान्यावर उभी होती ती एक्स-रेसमोर टिकली नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. भारतात प्रत्येक टीबी रोग्याची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक झालं ते मे 2012 मध्ये. आज ती नोंद 'निक्षय' या ऑनलाइन प्रणालीत होते. रोगी गाव बदलला तर नोंदही त्याच्याबरोबर पाठवायची सोय आता आहे. शंभर वर्षांपूर्वी नेमकी तीच नव्हती. तरी घाटकोपरच्या खोलीत उपचार सुरू केलेला मजूर मधेच गावी निघून गेला की त्याला पुन्हा शोधून काढणं हे आजही आरोग्य कर्मचाऱ्यांचं जिकिरीचं काम आहे. बोटीऐवजी आता ट्रेन, एवढाच फरक.

जाता जाता, तुमच्यासाठी

कुठलाही ऐतिहासिक आकडा हातात आला की वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहा.

1. हा रकाना कोणी भरला, आणि त्याला ही माहिती कोणी सांगितली?
2. मोजणी कुठे उभं राहून केली? घरी, दवाखान्यात, की स्मशानात?
3. खालचा छेद कुठल्या वर्षाचा, आणि हद्द कुठल्या वर्षाची?
4. खरं सांगितल्याने सांगणाऱ्याचं काय नुकसान होणार होतं?

व्हायवाला किंवा मुलाखतीला "तुमच्या डेटाच्या मर्यादा काय?" हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक जण "काही नोंदी उपलब्ध नाहीत" असं मोघम उत्तर देऊन सुटका करून घेतात. तुम्ही या चार प्रश्नांची उत्तरं द्या. मर्यादा सांगता सांगता तुमचा मूळ मुद्दाच मांडून होईल.

आणि एक छोटा गृहपाठ. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, आपल्यात कोण 'झिजून' गेलं होतं? कुठे काम करत होतं, कुठे मेलं? मग ती नोंद कुठल्या वहीत असायला हवी ते काढा, आणि तिथे काय लिहिलेलं असेल ते आधी कागदावर लिहून ठेवा. नोंद सापडली तर मला जरूर कळवा. आणि नाही सापडली, तर कुठे कुठे शोधली तेही कळवा. मी पणजोबांची अजून शोधते आहे.